गाडीच्या वतीने सही

झाशीच्या बाहेर, कानपूरच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गोदामात मी अकरा वर्षं नोकरी केली. साबण, बिस्किटं, खाण्याचं तेल, डासांच्या कॉइल असला माल मोठ्या ट्रकनं यायचा आणि छोट्या गाड्यांतून आसपासच्या तालुक्यांना जायचा. कुठला माल कुठल्या रॅकवर आहे हे कॉम्प्युटरवर बघून सांगायचं, एवढं माझं काम. गोदामात बाई मी एकटीच होते आणि मराठी बोलणारीही मी एकटीच. पहिल्या गोष्टीचा मला कधी त्रास झाला नाही. दुसरीमुळे जे झालं ते सांगते.

मराठी बोलणारी, असं मी म्हटलं खरं, पण तेही जपूनच म्हणायला हवं. आमचं घर कितीतरी पिढ्यांपासून झाशीत. आई-बाबा घरात मराठी बोलायचे, मी ऐकायचे आणि उत्तर हिंदीत द्यायचे. कधी मराठीत बोललेच, तर अर्धे शब्द हिंदीचे यायचे आणि उरलेले आजीच्या काळातले. पण गोदामात कुणाला काय कळणार? त्यांच्या लेखी मी पक्की मराठी. नावावरूनच.

आमच्याकडे एक फोर्कलिफ्ट होती. पुढे दोन लोखंडी काटे असलेली विजेवरची गाडी. ते काटे लाकडी पॅलेटखाली घालायचे आणि पॅलेटवरचा माल उचलून हवा तिथं ठेवायचा. तिला सगळे नुसतं ‘गाडी’ म्हणायचे. ती चालवणारे गृहस्थ गरौठ्याकडचे, पंचावन्न-छप्पन्न वर्षांचे, बुटके, खाकी शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. त्यांना सगळे कक्का म्हणत, म्हणजे बुंदेलीत काका. ते मला बिन्नू म्हणत. मुलीला, बहिणीला तिकडे तसंच म्हणतात.

जुन्या गाडीची बॅटरी ट्रंकेएवढी होती. तिच्यात पाणी घालावं लागायचं, तिला आंबूस वास यायचा, आणि दिवसाचं काम संपलं की ती एकदाच चार्जरला लावायची. तिच्याबद्दल कक्कांचे नियम ठरलेले होते. “बैटरी को एक बार में पेट भर खिलाओ,” ते म्हणायचे, “बीच-बीच में मुँह मत लगवाओ.” वीस वर्षं त्यांनी हे पाळलं होतं.

मग नवी गाडी आली. पुण्याकडच्या एका कंपनीची. बॅटरी लहान, पाणी नको, वास नाही. कक्कांनी तिला जुन्या गाडीसारखंच वागवलं. म्हणजे दिवसातून एकदा चार्ज करायचं आणि दिवसभर चालवायचं. पहिल्या दिवशी दुपारी तीनला ती रॅकांच्या मधोमध थांबली. दुसऱ्या दिवशी अडीचला. आठ माणसांनी तिला ढकलायचा प्रयत्न केला तेव्हा कळलं, की ती दिसते तेवढी लहान नाही.

मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. ते लखनौचे. हिंदीत एम. ए. केलेले. गोदामात कसे आले ते कुणालाच ठाऊक नव्हतं, बहुधा त्यांनाही नसावं. गेटपासवरसुद्धा ते शुद्धलेखन तपासूनच सही करायचे. त्यांच्या हातात एक गुलाबी कागद होता.

“मैडम, गाडीबरोबर इंग्रजी पुस्तक आलेलंच नाही,” ते म्हणाले. (आमचं सगळं बोलणं हिंदीत व्हायचं. काही तसंच ठेवते, काही मराठीत सांगते.) “हा एक कागद आहे. मराठीत. लिपी एकच असल्यानं मी वाचलाय आणि मला सगळं समजलंय. तुम्ही फक्त दुजोरा द्या.”

त्यांनी मोठ्यानं वाचलं, “दिवसभरात संधी मिळेल तेव्हा बॅटरी चार्ज करा. संधी चार्जिंगमुळे बॅटरीचे आयुष्य कमी होत नाही.” मग चष्मा काढला. “बात स्पष्ट है. संधि मिलेगी, तब चार्ज होगी. म्हणजे आधी समझौता व्हायला हवा. ‘धी’ दीर्घ छापलाय, पण मराठीत हे चालतं.”

मी म्हटलं, “सर, संधी यानी मौका. मौका मिले तब चार्ज करो. चहाच्या वेळेला, जेवणाच्या वेळेला, ट्रक नसेल तेव्हा.”

“मौके को तो मौका कहते हैं,” साहेब शांतपणे म्हणाले. “संधि के दो ही अर्थ हैं. एक व्याकरणातला, अक्षरांचा मेळ. दुसरा दोन पक्षांमधला करार. बॅटरीचा व्याकरणाशी काही संबंध नाही.”

“सर, मराठीत...”

“मैडम, तुमची मराठी इथली आहे,” ते म्हणाले. अपमान करायचा त्यांचा हेतू नव्हता, तेवढं मी सांगू शकते. “ही पुण्याची मराठी आहे.”

मला ते लागलं. कारण त्यांनी बोट नेमकं दुखऱ्या जागेवर ठेवलं होतं. खरंच, संधी म्हणजे मौका हे मला कुठून माहीत होतं? आई म्हणायची, ‘संधी आली होती, घालवली’. आईनं घालवलेला तो समझौताही असू शकत होता की! मी म्हटलं, पुण्यालाच विचारते. कागदाच्या तळाशी नंबर होता.

फोन एका तरुण इंजिनियरनं उचलला. मी माझी सगळी मराठी गोळा केली.

“मी झाशीहून बोलते. आमची बॅटरी दुपारपर्यंत खाली होऊन जाते.”

“खाली येते?” तो म्हणाला. “कशावरून?”

“कशावरून नाही हो. आपोआप खाली होते. एकदम खाली.”

“मॅडम, बॅटरी सीटच्या खालीच असते. तुम्ही तिला हात लावू नका. उघडलीय का कुणी?”

“नाही, नाही. खाली म्हणजे... तिच्यात काही उरत नाही. आम्ही खूप कोशिश केली, ढकलून पण पाहिलं.”

 मग तो हसला. वाईट नव्हता तो, पुढे मला कळलंच ते. पण त्या वेळी त्याच्या शेजारी आणखी कुणीतरी हसलं, म्हणजे फोन स्पीकरवर होता. “मॅडम, तुम्ही मराठी आहात का? नाही, बोलता फार गमतीशीर. पुन्हा एकदा म्हणा ना ते.”

मी फोन ठेवला. कान तापले होते. साहेबांच्या खोलीत जाऊन म्हटलं, “सर, आपवाली संधि ही होगी.”

हे मी केलं. पुढच्या सगळ्याला कारण माझं ते एक वाक्य आहे, त्यामुळे इथं ते लपवत नाही.

दुसऱ्याच दिवशी बैठक झाली. साहेबांना करारासाठी दोन पक्ष हवे होते, आणि ते गोदामात तयारच होते. एक लोडिंगचे इन्चार्ज, अंगानं जाडजूड. त्यांना सगळे ट्रक ताबडतोब भरून निघायला हवे असायचे. दुसरे स्टोअरचे इन्चार्ज, सडपातळ. त्यांना प्रत्येक खोका आधी आपल्या रॅकवर लागायला हवा असायचा. गाडी एक, आणि दोघांनाही ती एकाच वेळी हवी. त्यांची भांडणं रोज सकाळी नऊला सुरू व्हायची आणि संध्याकाळी दोघं मोटरसायकलवर बसून घराकडे, नगऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत चालायची. दोघं शेजारी राहत आणि एकाच मोटरसायकलवरून येत-जात.

“झगड़े की जड़ हीच आहे,” साहेब म्हणाले. “म्हणूनच कंपनीनं संधि सुचवलीय. दूरदर्शी लोग हैं.”

मसुदा त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता. सकाळी सव्वादहा ते साडेदहा, दुपारी एक ते दीड, चार ते सव्वाचार, या वेळांत गाडी चार्जरला राहील. या काळात दोन्ही पक्षांपैकी कुणीही तिच्यावर अधिकार सांगणार नाही. कामाच्या तासांत या वेळांखेरीज गाडी चार्ज करता येणार नाही, कारण त्यामुळे दोन्ही पक्षांच्या अधिकारांवर अतिक्रमण होईल. हे शेवटचं कलम त्यांना फार आवडलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचून दाखवलं.

दोन्ही इन्चार्जांनी सह्या केल्या. साहेबांनी साक्षीदार म्हणून केली. मग कागद त्यांनी दाराजवळ उभ्या असलेल्या कक्कांकडे सरकवला.

“गाडीचीही सही हवी,” ते म्हणाले. “जिसके विषय में संधि है, वह भी एक पक्ष है. तुम्ही गाडीच्या वतीनं करा.”

खोलीत कुणी हसलं नाही. मी पाहिलं सगळ्यांकडे, खरंच कुणी हसलं नाही.

“हमाई तरफ से नईं?” कक्कांनी विचारलं.

“आपकी तरफ से नहीं. गाड़ी की तरफ से.”

कक्कांनी कागदाकडे पाहिलं. मग म्हणाले, “हाथ धो आएँ.” गेले, हात धुऊन आले, शर्टाला पुसले आणि सही केली. हजेरी आमच्याकडे अंगठ्याच्या मशीनवर लागायची, त्यामुळे त्यांची सही मी त्याआधी कधी पाहिलेली नव्हती. मोठी, गोल अक्षरं. लिहिताना ओठ हलत होते.

करार चौकटीत घालून चार्जरच्या वर, लोखंडी जिन्याशेजारच्या भिंतीवर लागला.

आता खरी गोष्ट अशी, की आमच्याकडे त्याआधी चहाची सुट्टी अशी नव्हतीच. चहा यायचा, पण तो एका हातात धरून दुसऱ्या हातानं काम चालायचं. ट्रकनं हॉर्न दिला की कप कुठंतरी ठेवला जायचा आणि नंतर तो बिस्किटांच्या रॅकवर सापडायचा. करारानंतर मात्र सव्वादहाला भोंगा वाजायचा, कक्का गाडी भिंतीशी नेऊन चार्जरची केबल लावायचे, आणि गाडीच उभी म्हटल्यावर हमालांनी उचलायचं तरी काय? सगळे बसायचे. पंधरा मिनिटं, पाय पसरून. पहिल्या आठवड्यात लोकांना बसणं जमेना. चहा दोन घोटांत संपवून ते उभे राहायचे आणि एकमेकांकडे बघायचे. मग सवय झाली. प्रेमनगरातून येणारा एक हमाल रोज चिवडा आणू लागला.

दोन्ही इन्चार्जांची भांडणं थांबली. वेळ ठरलेली होती, भांडायला कारणच राहिलं नाही. चहाला ते आता गाडीच्या दोन बाजूंना बसत आणि क्रिकेटवर बोलत.

ट्रकवाल्यांना मात्र हे समजावणं कठीण होतं. ते सव्वादहाला येऊन हॉर्न वाजवायचे, आणि आमचा गेटवरचा माणूस गंभीरपणे सांगायचा, “अभी संधि चल रही है.” एकदा एक ड्रायव्हर आत आला. त्यानं पाहिलं, सगळे शांत बसलेत, भिंतीवर चौकट आहे, चौकटीखाली एक हिरवा दिवा लुकलुकतोय आणि शेजारी एक वयस्क माणूस हात मागे बांधून उभा आहे. त्याला वाटलं, काही पूजापाठ असावा. त्यानं चपला काढल्या, चौकटीपुढे हात जोडले आणि कक्कांना विचारलं, “प्रसाद कब बँटेगा?” कक्कांनी त्याला चिवडा दिला.

अडचण त्या शेवटच्या कलमाची होती. कित्येकदा सकाळी अकरापर्यंत ट्रकच यायचा नाही. गाडी रिकामी उभी, कक्का रिकामे उभे, चार्जर दोन हातांवर. मी म्हणायचे, “कक्का, लावून टाका ना. कोण बघतंय?”

“अबै समय नईं भओ, बिन्नू.”

“पण दुपारी बॅटरी संपेल.”

“सो तो है. पर दसखत हमने करे हैं.”

आणि दुपारी बॅटरी संपत यायचीच. गाडीवरच्या छोट्या पडद्यावर लाल दिवा लागायचा आणि गाडी मंद व्हायची, काटे वर जाताना कुंथल्यासारखा आवाज यायचा. मग कुणी घाई केली, की कक्का गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून म्हणायचे, “गाड़ी मना कर रई.” पहिल्यांदा ते असं म्हणाले तेव्हा मला वाटलं, थट्टा करतायत. तसं नव्हतं. त्यांना गाडीच्या वतीनं बोलायचा अधिकार दिलेला होता आणि ते तो वापरत होते. लोडिंगचे इन्चार्ज एकदा चिडून म्हणाले, “गाडी म्हणते का तुम्ही म्हणता?” कक्का म्हणाले, “हमसे तो किसी ने पूछी नईं.”

याच सुमाराला साहेबांनी आपली खोली वर हलवायचं ठरवलं. गोदामाच्या आत, लोखंडी जिन्याच्या वर, एक माळा होता. तिथून सगळीकडे लक्ष ठेवता येईल असं त्यांना वाटलं. जिना अरुंद, त्यांचं स्टीलचं टेबल त्यातून जाईना. तेव्हा टेबल गाडीनं उचलून कठड्यावरून वर घ्यायचं ठरलं. कठड्याची एक दांडी काढून ठेवली. टेबल पॅलेटवर चढवलं, दोरीनं बांधलं. साहेब वर जाऊन उभे राहिले. टेबलावर त्यांनी आपला फोन आणि जेवणाचा डबा ठेवलेला होता, की टेबल वर आलं की लगेच काम सुरू.

कक्कांनी सावकाश काटे वर न्यायला सुरुवात केली. बॅटरी अर्ध्याहून कमी, त्यामुळे वेग बेताचा. टेबल चढत चढत माळ्याच्या जमिनीपासून हातभर अंतरावर आलं, आणि भोंगा वाजला. एक.

कक्कांनी लिव्हर सोडली. खाली उतरले. चार्जर जिन्याशेजारीच असल्यानं केबल आरामात पोचली. त्यांनी ती लावली. आणि ही नवी गाडी एकदा चार्जरला जोडली की जागची हलत नाही, काटेही वरखाली होत नाहीत. तशी तिची रचनाच होती.

“कक्का!” साहेब वरून म्हणाले. “एक हाथ और.”

“एक बज गओ, साहब.”

“अहो, एकच हात राहिलाय.”

“डेढ़ बजे.”

“मी सांगतोय तुम्हाला. मैं कह रहा हूँ!”

कक्कांनी मान वर केली. आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता, उलट जरा अवघडलेपण होतं. “साहब, आप तो पक्ष में हो ही नईं. आप तो गवाह हो.”

 मी खाली उभी राहून चौकटीतला कागद पाहिला. खरं होतं. दोन पक्ष, तिसरी गाडी, आणि कोपऱ्यात ‘साक्षी’ म्हणून साहेबांची सही. त्यांनी स्वतःच स्वतःला बाहेर ठेवलं होतं.

कक्कांनी पिवळी दोरी आणून टेबलाखालच्या जागेभोवती बांधली, कुणी तिथून जाऊ नये म्हणून. मग ते दोरीबाहेर आपला डबा उघडून बसले. सगळेच बसले. वर टेबल लोंबकळल्यासारखं उभं, त्यावर साहेबांचा डबा, आणि इतक्यात फोन वाजू लागला. साहेब माळ्याच्या कडेला पालथे पडले आणि हात लांब केला. बोटं टेबलाच्या काठाला लागली, फोनला नाही. फोन वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. खाली तीस माणसं पोळी-भाजी खात वर बघत होती. 

मला राहवेना. मी माझा डबा घेऊन जिना चढले. साहेब कपडे झटकून उठले होते. आम्ही दोघं जमिनीवर बसलो. डब्यात पोळ्या, मेथीची भाजी आणि आईनं दिलेलं कैरीचं लोणचं होतं. निम्मं त्यांच्यापुढे केलं. ते खाऊ लागले.

मला वाटलं, आता सांगून टाकावं. “सर, एक सांगायचंय. संधी म्हणजे मौकाच. मी त्या दिवशी पुण्याला फोन केला, पण ते माझ्या बोलण्याला हसले. मला राग आला आणि मी तुम्हाला तसंच सांगून दिलं. गलती माझी आहे.”

साहेबांनी लोणच्याची फोड चोखून बाजूला ठेवली. “मुझे तीसरे दिन ही मालूम हो गया था.”

“क्या?”

“आमच्या गल्लीत एक मराठी बँकवाले आहेत, त्यांना विचारलं.” ते खाली बघत होते. खाली दोन्ही इन्चार्ज एकाच कागदातून मुळा खात होते. “सहा वर्षं मी या दोघांची भांडणं मिटवतोय, मैडम. हुआ नहीं. या कागदानं तीन दिवसांत झालं. मग मी ते चूक आहे असं कसं सांगणार?” मग म्हणाले, “पोळी और है?”

दीड वाजता भोंगा वाजला. कक्कांनी केबल काढली आणि टेबल तो एक हात वर नेलं.

यानंतर महिन्याभरानं पुण्याहून इंजिनियर आला. तोच, फोनवरचा. न बोलावता आला होता. ती गाडी किती वाजता, किती वेळ चार्ज झाली याची नोंद गाडीतूनच पुण्याला जाते म्हणे, ते आम्हाला माहीत नव्हतं. सगळीकडच्या गाड्या वाटेल तेव्हा चार्ज होतात आणि ही झाशीची एकटीच रोज ठरल्या मिनिटाला लागते आणि ठरल्या मिनिटाला निघते. मध्ये एकदाही नाही. त्यांना वाटलं, यंत्रात बिघाड आहे.

मी त्याला चौकटीसमोर नेलं. हिंदी कागद तो वाचत गेला. ‘गाड़ी की ओर से’ पाशी पोचला आणि माझ्याकडे वळला. “मॅडम, हे काय आहे?”

मी सांगितलं. माझ्या मराठीत, जसं येतं तसं, खाली आणि कोशिश सगळं घालून. या वेळी तो हसला नाही. मला वाटतं, तीस माणसं त्याच्याकडे बघत होती म्हणूनही असेल. शेवटी एवढंच म्हणाला, “त्या दिवशी फोन तुमचा होता का? सॉरी हं, ताई.”

मग त्यानं सगळ्यांना हिंदीत नीट समजावलं. या बॅटरीला थोडं थोडं खायला घातलेलं चालतं, उलट बरं असतं. पाच मिनिटं मिळाली तरी लावा. ठरलेल्या वेळी तर लावाच, पण ट्रक नसेल तेव्हाही लावा. कागद बदला.

गोदामात एकदम कुजबुज सुरू झाली. कागद बदलला तर चहाचं काय, हे कुणी विचारलं नाही, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं. साहेब म्हणाले, संधि एकतर्फी मोडता येत नाही, सगळ्या पक्षांची संमती लागेल. लोडिंगचे इन्चार्ज म्हणाले, वेळा राहू द्या, वर आणखी कलम घाला. स्टोअरच्या इन्चार्जनी मान डोलावली. सहा वर्षांत ते पहिल्यांदाच एकमेकांशी सहमत झालेले मी पाहत होते. मग सगळे कक्कांकडे वळले.

कक्कांनी इंजिनियरला विचारलं, “भैया, मौका है कि नईं है, जा कौन बताहै?”

“म्हणजे?”

“मतलब, ट्रक नहीं है. पाँच मिनट बाद आ सकता है. ये दोनों साहब कहेंगे, अभी मत लगाओ. तो मौका हुआ कि नहीं? कौन बताएगा?”

इंजिनियर जरा गोंधळला. त्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नसावा. “ऑपरेटर,” तो म्हणाला. “चलाने वाला.”

“तो लिखो,” कक्का म्हणाले.

साहेबांनी लिहिलं. ‘निश्चित समय के अतिरिक्त, अवसर होने पर गाड़ी चार्ज की जाएगी. अवसर है या नहीं, इसका निर्णय गाड़ी करेगी.’ लोडिंगच्या इन्चार्जना ते थोडं जड गेलं, पण त्यांनीही सही केली. कक्का पुन्हा हात धुऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला गोदामात एकही ट्रक नव्हता. गाडी मोकळी. कामं चालू होती, पण सगळ्यांचं अर्धं लक्ष कक्कांकडे. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. पडद्यावरचा आकडा पाहिला. गेटपर्यंत जाऊन रस्त्याकडे बघून आले. मग माझ्या टेबलाशी आले.

“काय बिन्नू, मौका है का?”

“ते तुम्ही ठरवायचं, कक्का.”

ते बराच वेळ तिथंच उभे राहिले. वीस वर्षं त्यांना भोंग्यानं, इन्चार्जनं, नाहीतर ट्रकच्या हॉर्ननं सांगितलं होतं. बाहेर एक ट्रक हॉर्न देत गेला, तेव्हा त्यांची मान आपोआप तिकडे वळली, पण तो आमच्याकडचा नव्हता. मग ते गेले, गाडी भिंतीशी नेली, केबल लावली. हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

ते गाडीशेजारी उभेच राहिले, हात मागे बांधून. मी एक स्टूल उचललं आणि त्यांच्याजवळ नेऊन ठेवलं.

“बैठने की तो लिखी नईं,” ते म्हणाले.

“नहीं बैठने की भी नहीं लिखी,” मी म्हटलं.

यावर त्यांनी विचार केला. शर्टाचं वरचं बटण चाचपलं, पण उघडलं नाही. आणि बसले.